पदरात किती, पोटात किती

चुकीबद्दल मराठीत दोन वाक्प्रचार शेजारी शेजारी नांदतात. चूक पदरात घालणं म्हणजे ज्याची आहे त्याला ती दाखवून, पटवून देणं. पोटात घालणं म्हणजे माफ करणं. स्वतःला माफ करण्याविषयी जे काही लिहिलं-बोललं जातं, ते जवळपास सगळं पोटात घालण्याविषयी असतं. पदरात नेमकं काय आणि किती पडलं, हे कुणी मोजत बसत नाही. खालचं प्रकरण मी त्या मोजणीसाठी निवडलं आहे. चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाच्या १९८६च्या अपघाताबद्दल बॉब एबलिंग नावाच्या एका अमेरिकी इंजिनिअरने तीस वर्षं स्वतःला माफ केलं नाही, आणि माझ्या मते याचं एक मोठं कारण हे की त्यांच्या वाट्याला नेमकी किती चूक येते याचा हिशेब कुणी मांडलाच नाही. त्यांनी तर नाहीच.

घडलं ते

एबलिंग यूटा राज्यातल्या मॉर्टन थायोकोल कंपनीत काम करत. नासाच्या स्पेस शटलला दोन बाजूंना जे घन इंधनाचे बूस्टर लावलेले असत, ते ही कंपनी बनवायची. बूस्टर तुकड्यातुकड्यांत बनायचा आणि ते तुकडे उड्डाणाच्या ठिकाणी एकमेकांवर चढवून जोडले जायचे. जोडातून आतला तापलेला वायू निसटू नये म्हणून तिथे रबरासारखी लवचीक कडी असत, त्यांना ओ-रिंग म्हणतात. गारठ्यात ही कडी ताठरतात आणि फट वेळेवर बुजवत नाहीत. हे प्रकरण समजायला एवढं तंत्रज्ञान पुरे.

वापरून परत आलेल्या बूस्टरांच्या जोडांत काजळी आणि जळाल्याच्या खुणा सापडत होत्या. जानेवारी १९८५चं उड्डाण हे तोवरचं सर्वांत थंड उड्डाण होतं, जोडाचं तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअस, आणि त्या वेळच्या खुणांनी इंजिनिअर विशेष घाबरले. कंपनीने जोडांचा हा प्रश्न सोडवण्यासाठी एक गट नेमला खरा, पण त्याच्या वाटेत पावलोपावली अडथळे येत राहिले. १ ऑक्टोबर १९८५ला एबलिंग यांनी एक अंतर्गत टिपण धाडलं. त्याचा पहिला शब्द होता 'मदत!', आणि पुढचं वाक्य असं की या गटाच्या कामात शक्य त्या सर्व मार्गांनी खोळंबा घातला जातो आहे. कार्यालयीन टिपणाची सुरुवात अशी करायला माणूस किती टेकीला आलेला असला पाहिजे!

२७ जानेवारी १९८६. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडातून चॅलेंजर उडणार होतं आणि तिथे रात्री पारा शून्याखाली जाण्याचा अंदाज होता. एबलिंग यांनी सहकाऱ्यांना गोळा करून विचारलं, एवढ्या थंडीत जोडांचं काय होईल? उत्तर ऐकून त्यांनी केनेडी अवकाश केंद्रावर हजर असलेले कंपनीचे अ‍ॅलन मॅकडोनाल्ड यांना फोन लावला. त्यातूनच रात्रीची ती प्रसिद्ध दूरध्वनी बैठक उभी राहिली. यूटात थायोकोलचे लोक, अलाबामात आणि फ्लोरिडात नासाचे.

इंजिनिअरांचं म्हणणं साधं होतं : आजवरच्या सर्वांत थंड उड्डाणापेक्षा, म्हणजे १२ अंशांपेक्षा, कमी तापमानात उडवू नका. नासाचे अधिकारी वैतागले. एकाने विचारलं, मग काय एप्रिलपर्यंत थांबू? नासाच्या अलाबामातल्या मार्शल केंद्राचे जॉर्ज हार्डी म्हणाले की ही शिफारस ऐकून आपण हादरलो आहोत. मात्र कंपनी नको म्हणत असेल तर आपण उडवा म्हणणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. थायोकोलने आपसात बोलायला पाच मिनिटं मागितली आणि अर्धा तास घेतला. त्या अर्ध्या तासात इंजिनिअरिंग विभागाच्या प्रमुखाला वरिष्ठाने सांगितलं की इंजिनिअरची टोपी उतरव आणि व्यवस्थापकाची घाल. चार व्यवस्थापकांनी ठरवलं : उडवा. इंजिनिअरांचं मत मोजलं गेलं नाही. फोन पुन्हा जोडला गेला, नवी शिफारस वाचून दाखवली गेली, आणि नासाच्या बाजूने विचारणा झाली, कुणाचं काही वेगळं म्हणणं आहे का?

कुणी बोललं नाही. एबलिंग त्याच खोलीत होते.

त्या रात्री घरी येऊन त्यांनी पत्नीला सांगितलं की यान फुटणार आहे. सकाळी मुलीला बरोबर घेऊन ते कामावर निघाले. वाटेत ते गाडीच्या डॅशबोर्डवर मुठी आपटत होते, अशी त्या मुलीची आठवण आहे. उड्डाण बघायला ते सहकारी रॉजर बोझोले यांच्याशेजारी बसले. दोघांना भीती होती ती बूस्टर पेटतानाच जोड फुटण्याची. यान मंचावरून सुखरूप सुटलं. बोझोले यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी की उड्डाणाला मिनिटभर झालं तेव्हा एबलिंग त्यांना म्हणाले, मी आत्ताच देवाचे आभार मानले. त्यानंतर तेरा सेकंदांनी, म्हणजे ७३व्या सेकंदाला, चॅलेंजरचे तुकडे झाले. आत सात माणसं होती.

मग चूक कोणती?

पहिली प्रतिक्रिया अशी येते की या माणसाची चूक काहीच नाही. उलट सगळ्यांत आधी ओरडणारा तोच. चार महिने आधी टिपण त्यांचं, दुपारचा फोन त्यांचा. अपघातानंतर नेमलेल्या रॉजर्स आयोगाने जून १९८६च्या अहवालात निर्णयाची प्रक्रियाच सदोष ठरवली. थायोकोलच्या व्यवस्थापनाने मार्शल केंद्राच्या आग्रहावरून, आपल्याच इंजिनिअरांच्या मताविरुद्ध, मोठ्या गिऱ्हाइकाला सांभाळण्यासाठी भूमिका फिरवली, असं स्पष्ट म्हटलं. विषय संपला.

पण एबलिंग यांच्यासाठी तो संपला नाही, आणि इथेच बहुतेक सांत्वनं फसतात. 'तुझी काहीच चूक नाही' हे वाक्य चुकीने पोळलेल्या माणसाला कधी पटत नाही, कारण त्याला आतली गोष्ट माहीत असते. एबलिंग यांचं म्हणणं होतं की मी आणखी काही करू शकलो असतो, करायला हवं होतं. हे वेड्यासारखं म्हणणं आहे का? मला नाही वाटत. त्याच्यात सत्याचा एक तुकडा आहे, तो बाहेर काढून बघितला पाहिजे.

एक, ती शांतता. 'वेगळं म्हणणं आहे का' हा प्रश्न आला तेव्हा खोलीतल्या कुणाही इंजिनिअरने, आमचं अजूनही नाहीच आहे, असं म्हटलं असतं तर फोनच्या पलीकडे ते ऐकू गेलं असतं. हार्डी तर कंपनीच्या शिफारशीविरुद्ध जाणार नाही असं आधीच म्हणाले होते. म्हणजे त्या वाक्याला किंमत होती. आता, साहेबांनी समोर बसून निर्णय फिरवल्यावर गिऱ्हाइकाच्या कानावर घालून त्यांना खोटं पाडायचं, हे ज्याने कधी नोकरी केली आहे त्याला विचारा किती सोपं असतं ते. तरी ती एक चूक होती आणि ती तिथे असलेल्या प्रत्येकाच्या पदरात थोडी थोडी येते.

दोन, मांडणी. त्या रात्री दाखवलेल्या तक्त्यांत भर होता तो खुणा सापडलेल्या उड्डाणांवर. त्यांतलं एक उड्डाण उबदार हवेतलं होतं, त्यामुळे समोरच्याला म्हणता आलं की तापमानाचा संबंध तरी कुठे दिसतो? आयोगाने नंतर खुणा न सापडलेली उड्डाणंही त्याच तक्त्यात घातली आणि चित्र एकदम बदललं : सुमारे १७ अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत खुणा, १९ अंश आणि त्यावरच्या वीसपैकी फक्त तिनांत. जे बिघडलं ते दाखवताना जे बिघडलं नाही तेही दाखवावं लागतं, हा खरा धडा. तो नंतर तांत्रिक शिक्षणात शिकवला गेला, आणि त्यावर इंजिनिअरांच्या बाजूने प्रतिवादही झाले, की काही तासांत, हाताशी असलेल्या माहितीतून, आणखी काय करायचं? शिवाय ते तक्ते एकट्या एबलिंग यांचे नव्हते.

दोन गोष्टी झाल्या. दोन्ही खऱ्या, दोन्ही अनेकांत वाटल्या गेलेल्या, दोन्ही शिकता येण्याजोग्या. यांचं वजन आहे, पण सात माणसांच्या मृत्यूएवढं नाही. एबलिंग यांनी मात्र परिणामाचं सगळं वजन घेऊन ते आपल्या वाट्याच्या चुकीवर ठेवलं. चुकीचं माप परिणामावरून काढायचं ही आपल्या सगळ्यांची खोड आहे. तीच शांतता, तेच तक्ते, आणि समजा जोड त्या दिवशी टिकला असता, तर कुणाला त्या रात्रीची आठवणही राहिली नसती.

शेवट कळल्यावर माणूस मागच्या प्रसंगाकडे बघतो तेव्हा तो शेवट आधीपासून दिसत होता असंच त्याला वाटतं. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५मध्ये प्रयोगांतून हे दाखवलं : निकाल सांगितल्यावर लोकांना तो निकाल जास्त अटळ वाटतो, आणि आपल्या मतावर त्या माहितीचा परिणाम झाला आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. एबलिंग यांच्या बाबतीत गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरं तर, की त्यांना खरोखरच आधी दिसलं होतं. त्यामुळे त्यांचा भ्रम वेगळ्या ठिकाणी होता. काय घडेल हे त्यांनी बरोबर ओळखलं. आपल्या हातात किती होतं हे मात्र मागे वळून बघताना फुगत गेलं. 'मी आणखी एक वाक्य बोललो असतो तर' ही शक्यता ते उगाळत राहिले. 'एका व्यवस्थापकाने टोपी उतरवायला नकार दिला असता तर' ही शक्यताही तितकीच खरी होती, पण ती दुसऱ्याच्या हातातली. रात्री जागणारा माणूस आपल्याच हातातल्या शक्यता चाळत बसतो.

तीस वर्षं

अपघातानंतर तीन आठवड्यांनी एबलिंग यांनी नॅशनल पब्लिक रेडिओच्या वार्ताहराला, नाव न छापण्याच्या अटीवर, त्या रात्री काय झालं ते सांगितलं. मग लवकरच नोकरी सोडली. खिन्नतेने ते खचले होते.

पुढे घराजवळच्या बेअर रिव्हर पक्षी अभयारण्यात ते स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. ग्रेट सॉल्ट लेकच्या पुराने १९८०च्या दशकात त्या अभयारण्याची वाताहत झाली होती. एबलिंग यांनी आपलं इंजिनिअरिंग तिथे लावलं आणि वीसहून अधिक वर्षं लावलं. त्याबद्दल त्यांचा सन्मानही झाला.

या भागाजवळ मी बराच वेळ थांबलो. चुकीतून सावरण्याच्या सगळ्या सल्ल्यांत भरपाई येते, आणि यापेक्षा निष्ठेने केलेली भरपाई दाखवता येणार नाही. तरीही २०१६ साली, ८९ वर्षांचे असताना, एबलिंग रेडिओवर म्हणाले की देवाने या कामासाठी माझी निवड करून चूक केली; भेटेल तेव्हा विचारणार आहे की मलाच का निवडलंस, तू एक हरलेला माणूस निवडलास. पाणथळीत पक्षी परत आले होते, पण ती जमा वेगळ्या खात्यात पडत राहिली. ज्या खात्यात येणं निघत होतं तिथे तीस वर्षांत एकही नोंद झाली नव्हती.

त्याच रात्रीच्या दुसऱ्या दोघांकडे बघितलं की फरक कळतो. मॅकडोनाल्ड यांनी फ्लोरिडात उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला होता (मग ती यूटातून दुसऱ्याने केली). अपघातानंतर आयोगासमोर त्यांनी खरं सांगितलं, कंपनीत त्यांना बाजूला सारलं गेलं, अमेरिकी काँग्रेसमधून दबाव आल्यावर परत घेतलं गेलं, आणि जोड नव्याने घडवण्याच्या कामाची धुरा त्यांच्याकडे आली. सप्टेंबर १९८८मध्ये शटल पुन्हा उडालं ते त्या नव्या जोडांवर. बोझोले यांचं आयुष्यही उसवलं, पण पुढे ते इंजिनिअरांच्या नीतिमत्तेवर ठिकठिकाणी बोलू लागले. त्या रात्रीचं प्रकरण ते वर्गासमोर मांडत. दोघांच्याही हाती, जिथे चुकलं तिथेच काहीतरी करायला मिळालं. एबलिंग यांच्या हाती तसं काही आलं नाही. याला मी स्वभावाचा दोष म्हणणार नाही. त्यांना ती जागा मिळाली नाही, किंवा मिळवण्याएवढं बळ उरलं नव्हतं.

एक शंका इथे रास्त आहे. माणसाने स्वतःला सोडून दिलं तर तो ढिला पडणार नाही का? कॅनडातल्या एका विद्यापीठात वोल, पिचिल आणि बेनेट या संशोधकांनी २०१०मध्ये याचं एक छोटं उत्तर प्रसिद्ध केलं. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केलेल्यांपैकी ज्यांनी त्याबद्दल स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. अभ्यासातली चालढकल आणि सात मृत्यू यांची तुलना होत नाही, हे मान्य. पण दिशा विचार करण्यासारखी आहे : चूक टोचत राहिली की माणूस त्या विषयाच्या वाटेलाच जात नाही, आणि वाटेला न जाणारा शिकणार कुठून?

संस्थांचंही काही वेगळं नसतं. २००३ साली कोलंबिया यान परतताना नष्ट झालं. त्याआधी, यान कक्षेत असताना, नुकसानीच्या प्रतिमा मिळवा अशी इंजिनिअरांची मागणी वरपर्यंत जाऊन विरली होती. एका माणसाने तोवर सतरा वर्षं स्वतःला कोसल्याने त्या व्यवस्थेच्या शहाणपणात कणभर भर पडली नव्हती.

पत्रं

२८ जानेवारी २०१६ला, अपघाताच्या तिसाव्या स्मृतिदिनी, एबलिंग प्रथमच नावानिशी रेडिओवर बोलले आणि 'हरलेला माणूस' हे वाक्य हजारो घरांत ऐकलं गेलं. शेकडो श्रोत्यांची पत्रं आली. मुलगी ती वाचून दाखवायची. अनोळखी माणसांनी, त्यांत कित्येक इंजिनिअर, लिहिलं की तुम्ही तुमचं काम केलं होतंत. त्यांना बरं वाटलं, पण गाठ सुटली नाही. नासा आणि थायोकोल, या दोन ठिकाणांहून कुणी काही म्हणत नाही, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

लोकांना यात अहंकार दिसेल. मला त्यात हिशेबाची गरज दिसते. सामायिक चुकीत ज्यांचा वाटा मोठा ते जर आपला वाटा उचलत नसतील, तर तो जमिनीवर पडून राहत नाही. ज्याला टोचतं तो ओणवा होतो आणि तोही उचलतो. अनोळखी माणूस कितीही प्रेमाने म्हणाला की ठेव ते खाली, तरी त्याला विचारावंसं वाटतं, मग हे कुणाचं आहे?

मग मॅकडोनाल्ड यांचा फोन आला. हरलेला माणूस म्हणजे संधी असून काही न करणारा, आणि त्याची पर्वाही नसणारा. तुम्ही तसे नव्हतात, अशा अर्थाचं ते बोलले. एबलिंग यांच्या मागे त्या दुपारचा फोन होता, ते टिपण होतं. त्यांनी स्वतः ते कधी जमेला धरलं नव्हतं.

आणि जॉर्ज हार्डी यांचं पत्र आलं. त्या रात्री शिफारस ऐकून हादरलो म्हणणारे तेच हार्डी. त्यांनी लिहिलं की तुमच्याकडून जे अपेक्षित होतं ते तुम्ही सगळं केलंत. निर्णय सामूहिक होता, नासाच्या आणि थायोकोलच्या अनेक जणांनी मिळून घेतलेला. गृहीत धरलेल्या दोषाने स्वतःला छळू नका. या पत्राचं बळ त्याच्या गोडव्यात नाही. शेकडो पत्रं याहून गोड होती. पण 'अनेक जणांनी मिळून' असं लिहिणारा माणूस त्या अनेकांपैकी एक होता. तीस वर्षांनी का होईना, वाटणी झाली.

शेवटी नासाकडून निवेदन आलं : मृत अंतराळवीरांचा मान राखायचा तो त्यांच्या मृत्यूचं ओझं वाहून नाही, तर सावध राहून, आणि एबलिंग यांच्यासारखे जे धीर करून बोलतात त्यांचं ऐकून. ते वाचून दाखवलं तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या एबलिंग यांनी टाळ्या वाजवल्या, जोरात आणि बराच वेळ. पत्रं लिहिणाऱ्या श्रोत्यांना त्यांनी निरोप दिला की तुम्ही माझ्या चिंताखोर मनाला स्वस्थता दिलीत, प्रत्येक गोष्टीला शेवट हवाच.

त्यांच्या त्या निरोपात 'माझी चूक नव्हती' असं कुठे नाही. २१ मार्च २०१६ला एबलिंग गेले, रेडिओवर हे सगळं ऐकवलं गेल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता.